काट्याच्या कम्प्युटरले दुसरा पोर्ट

प्रश्न: भाऊ, आमच्या कापसाच्या जिनिंगमधे काट्यावर जुना पेंटियम फोर हाये. मागं नऊ पिनचा एकच सीरियल पोर्ट, त्याले गाडीकाट्याचा इंडिकेटर (वजन दाखवणारा डबा) लागला. आता गाठीचा छोटा काटाबी जोडाचा हाये. प्रोग्राम डॉसचा (विंडोजच्या आधीची सिस्टीम), कॉम वन का कॉम टू, म्हणजे पहिला सीरियल पोर्ट का दुसरा, एवढंच विचारते. एक दुकानदार म्हणते पीसीआय कार्ड (बोर्डाच्या खाचेत बसणारं जास्तीच्या पोर्टचं कार्ड) टाका, दुसरा म्हणते यूएसबीची वायर घ्या. काय घेऊ? सीझन तोंडावर हाये.
– पांढरकवड्याजवळून एक वाचक

उत्तर: भाऊ, आधी काहीच घेऊ नका, कॅबिनेट खोलून मदरबोर्ड पाहा. त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर दुसरा पोर्ट असते, फक्त मागं काढलेला नसते. दोन ओळीत नऊ पिना, एक जागा रिकामी, बाजूले कॉम टू नाहीतर कॉम बी छापलेलं, असं दिसलं की काम झालं, त्याले फक्त केबलवाली पत्र्याची पट्टी लागते, कार्डापेक्षा लय स्वस्त. पण या पट्टीत वायरिंगचे दोन प्रकार येतात, दिसाले सारखेच, आणि चुकीची लागली तर डेटा येतच नाही अन् आपण काट्यालेच दोष देत बसतो. म्हणून बोर्डाच्या मॅन्युअलमधल्या पिना मीटरनं जुळवून घ्याच. मंग बायोसमधे (मशीन सुरू होताना उघडते ती सेटिंग) दुसरा सीरियल पोर्ट चालू करून पत्ता २एफ८, आयआरक्यू (पोर्टनं प्रोसेसरले हाक द्यायची लाइन) ३ ठेवा. डॉसचा प्रोग्राम कॉम टू तिथंच शोधते.

पीसीआय कार्डात नेमकी हीच अडचण हाये. त्याले पत्ता बायोस वाटून देते, तो बहुतेक वेगळाच असते. प्रोग्राम विंडोज एक्सपीच्या आतून चालत असन तर डिव्हाइस मॅनेजरमधे त्या पोर्टले कॉम टू नाव देऊन बहुधा चालून जाईन, पण मशीन सरळ डॉसमधेच सुरू होत असन तर कार्ड घेऊन फसान. यूएसबी वायरचं डॉसमधे तर जमतच नाही, आणि एक्सपीत वायर दुसऱ्या खाचेत लावली की कॉमचा नंबर बदलू शकते, ऐन गर्दीत ते परवडत नाही.

कार्डच घ्यावं लागलं तर बोर्डावरचा स्लॉट पाहून घ्या, पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड साध्या पीसीआयमधे बसत नाही. एक्सपीचा ड्रायव्हर मिळते का ते पैसे द्यायच्या आधी विचारा. जास्त स्पीडच्या नावाखाली महाग कार्ड घेऊ नका, इंडिकेटर बहुतेक २४०० नाहीतर ९६०० बॉडवर (डेटाचा वेग) बोलते, साधं कार्डही १,१५,२०० पर्यंत जाते. पैसे वाचले तर गाडीकाट्याच्या लाइनवर ऑप्टो आयसोलेटर (उजेडातून सिग्नल देऊन दोन्हीकडची वीज वेगळी ठेवणारा डबा) लावा, बाहेरून आलेल्या लांब वायरीतून विजेचा झटका येऊन पोर्ट जळते.

प्रश्न: दादा, भंगारात सीरियल पोर्टचं आयएसए कार्ड (पीसीआयच्या आधीच्या खाचेचं) भेटलं, चिपवर १६४५० लिहिलं हाये. ४८६ कम्प्युटरमधे चालन का?
– एक आयटीआय विद्यार्थी, चंद्रपूर जिल्हा

उत्तर: चालन. फक्त १६५५० ए या सुधारित चिपसारखा १६ बाइटचा बफर (आलेला डेटा थोडा वेळ धरून ठेवायची जागा) त्यात नाही, म्हणून विंडोजमधे जास्त स्पीडला अक्षरं गळतात. जंपरनं (कार्डावरच्या पिना जोडणारी छोटी टोपी) कॉम थ्री ठेवलं तर त्याची आयआरक्यू ४ कॉम वनसोबत भिडते, त्यापेक्षा कॉम टू मोकळा असन तर तोच लाव.