झोपेची गोळी एका रात्रीत सोडू नका : वाचकांची प्रश्नोत्तरे

मानसोपचाराची औषधे स्वतःच्या मनाने बंद करून नंतर विचारणा करणाऱ्यांची पत्रे थांबत नाहीत, म्हणून त्यांतील काही प्रश्न येथे घेत आहे.

प्रश्न : नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम सुरू होऊन पाच दिवस झाले. मळमळते. बंद करू का? (सातपूर)

उत्तर : नाही. ही मळमळ बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते. गोळी जेवणानंतर घ्यावी आणि अस्वस्थता वाढल्यास किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

प्रश्न : आईचे वय ६८. सहा वर्षे रोज रात्री झोपेसाठी अल्प्राझोलाम घेत होती, जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून आणत होतो. नातेवाइकांच्या सांगण्यावरून ती बंद करून एक चूर्ण सुरू केले. तीन दिवस झोप नाही, हात थरथरतात, दरदरून घाम येतो. किती दिवस वाट पाहावी? (निफाड)

उत्तर : एक दिवसही नाही, त्यांना आजच रुग्णालयात न्या आणि गोळीचे रिकामे पाकीट व चूर्णाचा डबा दोन्ही सोबत ठेवा. आईंना दिसत आहेत ती गोळी अचानक तोडल्याची लक्षणे आहेत, आणि यात झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावरही बेतू शकते. वर्षानुवर्षे या गोळीच्या आधाराने शांत राहिलेला मेंदू आधार एकदम काढला की उसळतो, आणि अल्प्राझोलामचा अंमल लवकर उतरत असल्याने ही उसळी एक-दोन दिवसांतच जाणवते. गोळी सोडण्याचा हेतू योग्यच आहे, कारण उतारवयात तिने तोल जातो, विसरभोळेपणा वाढतो, रात्री उठताना पडून खुब्याचे हाड मोडते. परंतु इतक्या वर्षांची मात्रा साधारणपणे दर दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्के अशी उतरवावी लागते, त्याला कित्येक महिने लागतात, आणि घरी विळीवर गोळीचे तुकडे करून ते साधत नाही. ‘सात दिवसांत झोपेच्या गोळीपासून मुक्ती’ असे छापून डबे विकणारे यातले काहीही सांगत नाहीत, डब्यात नेमके काय आहे हेही सांगत नाहीत, याचा मला मनस्वी संताप येतो. अल्प्राझोलाम १ मार्च २०१४पासून एच-वन अनुसूचीत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या कडक यादीत आहे; विक्रेत्याने रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव आणि दिलेली मात्रा वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपायची असते. तरीही सहा वर्षे जुनी चिठ्ठी चालते, आणि मधल्या काळात आईंना एकदाही कोणी तपासत नाही.

प्रश्न : नैराश्यावरचे पॅरॉक्सेटिन परस्पर सोडले. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखे होते. हे व्यसन का? (कॉलेज रोड)

उत्तर : व्यसन नव्हे. हे औषध शरीरातून लवकर निघून जाते, त्यामुळे ते एकदम थांबवल्यावर असे झटके, चक्कर, विचित्र स्वप्ने, चिडचिड होते. पुष्कळजण यालाच मूळ आजार उलटला असे समजतात. दोहोंतला फरक औषध देणाऱ्या डॉक्टरांनी तपासून ठरवावा.

प्रश्न : मनःस्थितीतील टोकाच्या चढउतारांसाठी लिथियम चालू आहे. गुडघेदुखीला आयबुप्रोफेन घेतले तर चालेल का? (सिन्नर)

उत्तर : विचारल्याशिवाय नको, रक्तातील लिथियम वाढते. उन्हाळ्यात घाम, जुलाब किंवा उलट्यांनी पाणी कमी झाले तरी तोच धोका असतो. हात जास्त थरथरणे, बोलणे अडखळणे, चालताना झोक जाणे यांपैकी काहीही दिसले तर पुढची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना गाठून रक्ततपासणी करून घ्यावी.