शाळेत एपी नसलं तरी परीक्षा द्यावी का?

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मुलगा मेरीलँडमधल्या खासगी शाळेत दहावीला, शाळेने एपीचे (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे विषय) वर्ग बंद केलेले, आणि काउन्सेलर म्हणतात दुसऱ्या शाळेत बसून एपीची परीक्षा द्यायची काही गरज नाही. आमच्या मुलीच्या वेळी अगदी हेच ऐकलं होतं.

माझं मत सरळ सांगते: द्यावी. दोन-तीन विषयांची, आठ-दहा नव्हे. (मी काउन्सेलर नाही, एका मुलीची आई आहे. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा तारखा ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या साइटवर पडताळून घ्या.)

शाळेचं म्हणणं खोटं नाही. वॉशिंग्टन परिसरातल्या आठ नावाजलेल्या खासगी शाळांनी 2018 मध्ये एकत्रच जाहीर केलं की 2022 पर्यंत एपीचे वर्ग बंद करू. सिडवेल फ्रेंड्स, सेंट ऑल्बन्स त्यातल्याच. आमची शाळा त्या आठांत नव्हती, पण वारं तेच. परीक्षेपुरतं शिकवण्यापेक्षा विषय खोलात शिकवावा, हे मलाही पटतं. मुलीला तिथे शिक्षक फार चांगले मिळाले. प्रवेशाच्या वेळी शाळेत जे विषय होते त्यातून मुलाने काय घेतलं तेच पाहतात, त्यामुळे एपी नाही म्हणून अर्ज मागे पडत नाही.

पण शाळा बोलते ती प्रवेशापुरतं. प्रवेशानंतरची फी आपण भरतो आणि क्रेडिट, म्हणजे एपीच्या गुणांवर कॉलेजचा विषय झाला असं धरणं, तिथे लागतं.

आम्ही सप्टेंबरमध्येच काउन्सेलिंग ऑफिसला लेखी विचारलं होतं की परीक्षा इथे घेणार का, नसेल तर कुठे द्यायची. उत्तर: चौकशी करून कळवतो. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. गोड भाषेतली ईमेल, खाली सही, मध्ये काहीच नाही. आणि नोव्हेंबर उलटला. खरी मेख इथेच आहे. एसएटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेसारखं मुलाने स्वतः कार्ड काढून पैसे भरले आणि नाव लागलं, असं एपीत होत नाही. जी शाळा परीक्षा घेणार तिच्या एपी को-ऑर्डिनेटरने जॉइन कोड द्यावा लागतो, तो टाकल्याशिवाय नोंदणी होत नाही. बाहेरच्या मुलाला घ्यायचं की नाही हे त्या शाळेच्या मर्जीवर. परीक्षा मे महिन्यात असली तरी शाळांनी पेपर मागवायची मुदत नोव्हेंबरच्या मध्यावर संपते. उशिराचा दंड भरायला आम्ही तयार होतो, पण आसपासच्या पब्लिक (सरकारी) हायस्कूलनी बाहेरच्या मुलांच्या याद्या कधीच बंद केल्या होत्या.

मुलीचं शाळेतलं गणित कॅल्क्युलस बीसी या एपीतल्या वरच्या कॅल्क्युलसच्याही पुढे गेलेलं. राज्याच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला गेली आणि पहिल्या सत्रात तेच कॅल्क्युलस पुन्हा, पूर्ण पैसे भरून. पुढचे विषय त्यावर अवलंबून, म्हणजे सगळी रांगच मागे सरकली. आमच्याच गल्लीतली मुलगी पब्लिक स्कूलमधून त्याच एपीत पाचपैकी 5 गुण घेऊन आली आणि थेट पुढच्या वर्गात बसली. एवढी फी घेणाऱ्या ऑफिसला शेजारच्या शाळेत एक फोन करता येऊ नये, याचा मला आजही राग आहे.

म्हणून आधी कॉलेजांची यादी बघा. मेरीलँड विद्यापीठात कॅल्क्युलस बीसीला 4 किंवा 5 असेल तर पहिले दोन्ही कॅल्क्युलस सुटतात. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं 3 लाही युनिट, म्हणजे क्रेडिट देतात. डार्टमथ आणि कॅलटेक ही खासगी विद्यापीठं मात्र एपीला क्रेडिट देत नाहीत. मुलगा फक्त अशाच ठिकाणी अर्ज करणार असेल तर मे महिना त्याला सुखाने जगू द्या. ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा नेदरलँड्सचा विचार असेल तर उलटं, तिथे अमेरिकन मुलांकडून बहुतेक वेळा एपीचे गुणच मागतात. एसएटीच्या विषयवार परीक्षा 2021 मध्ये बंद झाल्या, त्यामुळे तोही पर्याय उरला नाही.

विषय निवडताना जे शाळेत शिकून झालंय तेच घ्या: कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स सी, फार तर स्टॅटिस्टिक्स. सेमिनार आणि रिसर्च हे दोन एपी विषय नुसती परीक्षा देऊन होत नाहीत, त्यांना वर्ग लागतो. संख्या वाढवायला सायकॉलॉजी वगैरे घेणारी मुलं मी पाहिली आहेत. मला ते वेळेचा अपव्यय वाटतं, ज्याचं त्याला.

जागेसाठी ऑगस्टमध्ये, शाळा उघडायच्या आठवड्यातच, दोन-चार शाळांच्या एपी को-ऑर्डिनेटरना थेट ईमेल करा. कोणत्या शाळेत कोणता विषय आहे ते कॉलेज बोर्डाच्या एपी कोर्स लेजर या ऑनलाइन यादीत सापडतं. आपल्या शाळेच्या ऑफिसला कळवा जरूर, पण त्यांच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. एका परीक्षेचे साधारण 100 डॉलर, बाहेरच्या मुलाकडून काही शाळा वर थोडे घेतात. बरेचसे पेपर आता कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक ॲपवर असतात, लॅपटॉपवर ते आधीच टाकून परक्या शाळेच्या वायफायचंही विचारून ठेवा.

आणि मुलाला जादा वेळेची सवलत लागत असेल तर ती शाळेत मिळते म्हणून एपीत आपोआप मिळत नाही. तिचा अर्ज वेगळा करावा लागतो आणि मुदत जानेवारीत संपते. हा अर्ज मात्र सहसा तुमच्याच शाळेतून जातो, तेव्हा त्यांच्या मागे आतापासूनच लागा.