गळ्यात होल्डर, हातात गिटार: माउथ ऑर्गनला माइक कोणता आणि कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गळ्यातल्या होल्डरला माउथ ऑर्गन लावून तुम्ही गिटारवर गाता, घरी छान जमतं, पण गॅदरिंगच्या स्टेजवर माउथ ऑर्गन तिसऱ्या रांगेच्या पुढे पोचलाच नाही, आणि साउंडवाल्याने फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) वर केला की शिट्टी, म्हणजे फीडबॅक. महिन्याभरात पुन्हा कार्यक्रम आहे, तर बुलेट माइक (माउथ ऑर्गनवाले मुठीत धरतात तो जाड, गोलसर माइक) घेऊन तो होल्डरलाच बांधावा का?

आत्ता घेऊ नका. मीही हाच विचार करून तसा माइक घेतला होता. दोन वर्षं वापरला. त्या दोन वर्षांत माझा माउथ ऑर्गन जितका वाईट ऐकू आला, तितका त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही नाही. दोष माइकचा नव्हता. माझे हात गिटारवर होते, आणि तो माइक हातांसाठी केलेला होता.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. होल्डरशिवाय वाजवणारा माणूस माउथ ऑर्गन दोन तळव्यांच्या पोकळीत धरतो. तळवे मिटले की आवाज गोल आणि खर्जाचा होतो, उघडले की लख्ख होतो. म्हणजे त्याचे हातच त्याचा व्हॉल्यूम आणि टोन कंट्रोल असतात. १९५०च्या दशकात शिकागोत लिटल वॉल्टर या ब्लूज माउथ ऑर्गनवादकाने माइक आणि माउथ ऑर्गन एकाच मुठीत घट्ट धरून व्हॉल्व्हच्या ॲम्पमधून वाजवलं आणि त्यातून सॅक्सोफोनसारखा जाडजूड आवाज काढला. त्या आवाजात माइकइतकाच मुठीचाही वाटा आहे. मूठ काढून घेतली की बुलेट माइकमधून उरतो तो पातळ, टोचणारा आवाज, आणि उघड्यावरचा माइक म्हणून तो शिट्टीही लवकर मारतो.

त्याच शहरात, त्याच दशकात ब्लूज गायक जिमी रीड गळ्यातल्या होल्डरवर वाजवत होता, हातात इलेक्ट्रिक गिटार. जाड आवाजाच्या मागे लागण्याऐवजी तो बऱ्याचदा वरच्या होल्सवर, सातपासून दहापर्यंत, ब्लोच्या (फुंकून काढायच्या) सुरांना वाकवत लांब, टोकदार ओळी वाजवायचा. ते सूर गिटार आणि ड्रम यांच्या वर तरंगतात, त्यांना मुठीची गरज नसते. होल्डरवाल्यांनी कान त्याच्याकडे लावावा असं मला मनापासून वाटतं.

आता माइक. तुम्ही गाता, म्हणजे गाण्याचा माइक समोर आहेच. त्याच माइकवर माउथ ऑर्गन वाजवा. दुसरा माइक उघडला की शिट्टी येण्याआधीची जागा साधारण ३ डेसिबलने कमी होते, आणि होल्डरवरचा माइक तर फार वाईट ठिकाणी असतो: वरून तुमचा गळा, खालून गिटारची फळी, दोन्ही त्यात घुसतात. मग साउंडवाल्याने माउथ ऑर्गन वाढवला की तुमचं गाणं पोकळ होतं आणि गिटार पत्र्यासारखी वाजते.

एकाच माइकवर शिट्टी का येते, याचं कारण अंतरात आहे. होल्डर नसताना आपण माइकच्या जाळीपासून तीनेक सेंटिमीटरवर गातो. होल्डर घातला की पुढे आलेली पट्टी आणि माउथ ऑर्गन मध्ये येतात, आणि ओठ नऊ-दहा सेंटिमीटरवर जातात. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, तिप्पट झालं की साडेनऊने. तेवढं भरून काढायला साउंडवाला गेन चढवतो आणि मॉनिटर (स्टेजवर तुमच्यासाठी ठेवलेला स्पीकर) ओरडायला लागतो. तो बिचारा बरोबरच करत असतो, त्याला गाण्याचा आवाज कमी मिळतोय.

मी यावर काय करतो ते सांगतो. स्टँड बूमचा (वर आडवा दांडा असलेला) घ्या, सरळ दांड्याचा नको, कारण सरळ दांडा गिटारच्या आड येतो आणि तुम्हाला माइकपासून मागे ढकलतो. माइकची जाळी वरच्या ओठाच्या उंचीला ठेवा, माइक जवळजवळ आडवा. होल्डर असा बसवा की समोर बघताना माउथ ऑर्गन खालच्या ओठाच्या एक बोट खाली राहील. गाताना हनुवटी किंचित वर, पुढे झुका: माउथ ऑर्गन माइकच्या जाळीखाली सरकतो आणि ओठ जाळीजवळ पोचतात. वाजवताना चार-पाच सेंटिमीटर मागे या, हनुवटी खाली घ्या, म्हणजे माउथ ऑर्गनची पाठ माइकसमोर येते. आवाज पाठीमागच्या फटीतूनच बाहेर पडतो, त्यामुळे पाठ माइककडे असायला हवी. लांब सूर असेल तर थोडं जवळ, वरचे टोचणारे सूर असतील तर थोडं लांब. हात गमावले त्या बदल्यात मान मिळाली आहे, आता व्हॉल्यूम कंट्रोल तीच. आठवडाभर आरशासमोर केलं की अंगवळणी पडतं.

माइकची जात इथे खरोखर महत्त्वाची आहे. बहुतेक ठिकाणी शुअर एसएम ५८ मिळतो, तो कार्डिओइड, म्हणजे शेपटीच्या सरळ मागे सगळ्यात बहिरा. त्याचा फायदा घ्यायचा तर शेपटी जमिनीवरच्या मॉनिटरकडे वळवावी लागते, म्हणजे जाळी खालून वर बघते, आणि मग नेमका माउथ ऑर्गन तुमच्या ओठांच्या आणि माइकच्या मध्ये येतो. सुपरकार्डिओइड माइक, उदाहरणार्थ बीटा ५८ए, समोरच्या दिशेपासून साधारण १२५ अंशांवर सर्वांत बहिरा असतो. माइक आडवा आणि मॉनिटर समोर जमिनीवर असेल तर मॉनिटर जवळपास त्याच कोनात येतो. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर बुलेटवर न करता एका चांगल्या सुपरकार्डिओइड माइकवर करा. तो गाण्यालाही कामाला येतो. फक्त दोन्ही बाजूंना मॉनिटर असतील तर ते कुठे आहेत ते बघून घ्या, आणि तो माइक थेट मागून थोडं ऐकतो हे लक्षात ठेवा.

गिटारला माइक लावू नका. पिकअप असेल तर डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी डबी) थेट मिक्सरला द्या, आणि भोकावर रबरी झाकण बसवा, दोनशे-तीनशे रुपयांत शिट्टीचं निम्मं दुखणं जातं.

मिक्सरवर काय सांगायचं? गिटारची सहावी तार ८२ हर्ट्झवर आहे. सी पट्टीच्या माउथ ऑर्गनचा सगळ्यात खालचा सूर २६२ हर्ट्झच्या आसपास, नेहमीच्या माउथ ऑर्गनांत सगळ्यात खालचा म्हणजे ‘जी’ पट्टीचा, त्याचा १९६. म्हणजे माउथ ऑर्गनला दीडशेच्या खाली काहीही लागत नाही. पण गळ्याला लागतं, आणि माइक एकच आहे. म्हणून डिजिटल मिक्सर असेल तर साउंडवाल्याला विनंती करा की तुमचा माइक दोन चॅनेलवर घ्या. एकात गाण्याचा टोन, दुसऱ्यात दीडशेला लो कट (त्याखालचं सगळं कापायचं), अडीच ते साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपास ३ ते ४ डेसिबल कमी, सात हजारांच्या वर अजून थोडं उतरतं. कानाला टोचतं ते याच पट्ट्यात. वाजवायची वेळ आली की तो एक चॅनेल बंद करून दुसरा उघडतो. साधा ॲनालॉग मिक्सर असेल तर हा खटाटोप सोडा. गाण्याच्याच टोनवर अडीच हजारांना किंचित कमी करा आणि बाकीचं मानेवर. थोडा डिले (प्रतिध्वनी), शंभर-दीडशे मिलिसेकंदांचा, मला फार आवडतो. तळव्यांच्या पोकळीने जी गोलाई यायची तिची थोडी भरपाई होते. कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार सपाट करणारा) मात्र हलकाच, कारण तो शांत जागा वर उचलतो आणि शिट्टी तिथूनच येते.

साउंडचेकला माणसं गिटार वाजवतात, दोन ओळी गातात आणि उतरतात. माउथ ऑर्गन तसाच राहतो. स्वतःहून सांगा की याचाही चेक हवा, आणि चेकला चार-पाच-सहाचे जोरातले ड्रॉ (श्वास ओढून काढायचे सूर) आणि आठ-नऊचे ब्लो वाजवा. शिट्टी येणार असेल तर तिथेच येते.

होल्डरवरचा माइक कधीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. गाणारा दुसरा कोणी असेल, तुम्ही नुसते गिटार आणि माउथ ऑर्गन वाजवत असाल, किंवा स्टेजभर फिरावं लागत असेल, तर छोटा, हलका क्लिप माइक होल्डरच्या पट्टीला लावणं योग्यच. मोठा बुलेट माइक नको: तो जड असतो, होल्डर हळूहळू वाकतो, आणि बऱ्याच बुलेट माइकचा इम्पीडन्स जास्त असतो, ते गिटार ॲम्पसाठी असतात, मिक्सरला जोडायला ट्रान्सफॉर्मर लागतो. क्लिप माइक कंडेन्सर असेल तर मिक्सरकडून ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) मिळतो का ते आधी विचारा. आणि पायाखाली म्यूटचा पेडल ठेवा. नाहीतर तुम्ही दोन ओळींमध्ये घेतलेला प्रत्येक श्वास शेवटच्या रांगेत ऐकू जातो.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडे मांडवात, मैदानात, हॉलमध्ये वीज तात्पुरती ओढलेली असते, अर्थिंग असेलच असं नाही. तुमचे हात तारांवर, गळ्याभोवती लोखंडी होल्डर, ओठांना धातूचा माउथ ऑर्गन, आणि समोर माइकची धातूची जाळी. गिटारचा ॲम्प एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्यावर असेल, आणि दोघांच्या अर्थमध्ये फरक असेल, तर तो फरक तुमच्या ओठांतून हातांपर्यंत जातो. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे अर्थ नसलेल्या माइकला हात लावल्यामुळे स्टेजवरच गेला. मला स्वतःला एका गणपतीच्या मांडवात माउथ ऑर्गन जाळीला टेकताच असा झटका बसला की ओठ संध्याकाळभर बधिर होता.

म्हणून गिटारचा ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्यायला लावा. मल्टिमीटर बरोबर ठेवा, एसीवर लावून तारा आणि जाळी यांच्यामधले व्होल्ट मोजा. एक-दोनच्या वर काही दिसलं तर गिटारची केबल काढा आणि आयोजकांना बोलवा, कितीही घाई असली तरी. अन् माइकवर फोमची टोपी घालाच. ती धातूला धातू लागू देत नाही, वाऱ्याचा आणि फुंकरीचा आवाज कमी करते, आणि होल्डर माइकवर आपटल्यावर हॉलभर घुमणारा तो ठणका मऊ करते. ती आहे म्हणून व्होल्ट मोजणं मात्र टाळू नका.

होल्डरबद्दल दोनच गोष्टी. स्वस्त होल्डरचे पंखाचे नट तिसऱ्या गाण्यापर्यंत ढिले होतात आणि माउथ ऑर्गन हळूहळू गळ्याकडे उतरतो. प्रत्येक नटाखाली रबरी वॉशर टाका आणि पक्कडीने शेवटचा पाव फेरा घट्ट करा. दुसरं, आधी गिटारचा पट्टा, मग होल्डर. म्हणजे ज्या गाण्यात माउथ ऑर्गन नाही त्यात गिटार न उतरवता होल्डर काढता येतो, आणि ओठ पुन्हा तीन सेंटिमीटरवर येतात.

महिना हाताशी आहे, तर एवढं करून बघा. मित्राचा माइक आणि बूम स्टँड आणा, छोट्या मिक्सरमधून मोबाईलवर रेकॉर्ड करा. दोन ओळी गा, दोन ओळी वाजवा, पुन्हा दोन ओळी गा. मग हेडफोन लावून ऐका: गाण्यावरून माउथ ऑर्गनवर जाताना आवाज उडी मारतो का, की एकाच पातळीवर राहतो? उडी मारत असेल तर फेडरला हात न लावता माइकची उंची आणि तुमचं अंतर बदला. जमलं त्या क्षणी स्टँडच्या दांड्यावर रंगीत चिकटपट्टी लावा, आणि तसाच एक तुकडा पावलांजवळ जमिनीवर. कार्यक्रमाच्या दिवशी दांडा त्या खुणेपर्यंत ओढायचा, जमिनीवरची पट्टी स्टँडपासून तेवढ्याच अंतरावर चिकटवायची.