फुलीच्या टाक्याने (क्रॉस-स्टिच) मारिओ भरायचाय?

अगं, पहिल्याच कामाला अख्खा किल्ला नि ड्रॅगन कशाला? १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या व्हिडिओ गेममधला छोटा मारिओ घे. १२ चौकोन रुंद, १६ उंच, रंग फक्त तीन. एक पिक्सेल, म्हणजे चित्रातला एक चौकोन, म्हणजे एक फुली, त्यामुळे गणिताच्या चौकटीच्या वहीत रंगवलास की नक्षी तयार.

गोंधळ होतो तो मापाचा. इंचाला १४ घरं असलेल्या कापडावर हा गडी सव्वा इंचसुद्धा भरत नाही. भिंतीवर लावायचा तर एका पिक्सेलला ३ × ३ फुल्या धर, मग उंची साधारण साडेतीन इंच होते. सांगलीच्या हरभट रोडला मॅटी, म्हणजे हे घरांचं भरतकामाचं कापड, घेताना पट्टी लावून घरं स्वतः मोज. मी एकदा न मोजता आणली आणि चित्र फ्रेमबाहेर गेलं! कडेला चारी बाजूंनी तीन इंच मोकळं सोड.

दोरा सहापदरी असतो, १४ घरांच्या कापडाला दोनच पदर घ्यायचे. हातभराहून लांब घेतलास तर गुंता ठरलेला. कापडाची चौघडी घालून मध्य काढ आणि तिथूनच सुरू कर. मागे गाठ मारू नकोस, शेपूट टाक्यांखाली दाबायचं. सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेला हवा. एखादी उलटी पडली की लांबूनही खुपते.

लाल दोरा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघ, रंग सोडतोय का ते कळेल. आणि हो, हळदीचे हात धुऊनच बस. सांगलीत राहून हे सांगावं लागतंच.