'विश्वासघात' लिहिण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'डेड स्पेस' या अंतराळातल्या हॉरर व्हिडिओ गेमचे तिन्ही भाग ओळीने खेळून झाल्यावर तू तिसऱ्यावर लेख लिहायला घेतलायस आणि शीर्षक आधीच ठरवून टाकलंयस : विश्वासघात. तुझ्या जवळच्या मित्राला मात्र तिसराच भाग सगळ्यात जास्त आवडला, आणि त्यावरून तुमच्यात अबोला आहे. तुझा राग मला समजतो. ज्या गेमने आपल्याला अंधाऱ्या कॉरिडॉरमध्ये पाऊल टाकायला घाबरवलं, त्याचाच पुढचा भाग आडोशाला वाकून सैनिकांवर गोळ्या झाडायला लावतो, तेव्हा आपलं काहीतरी हिरावून घेतल्यासारखं वाटणारच. पण नुसत्या रागावर लेख उभा राहत नाही. नेमकं काय हिरावलं, ते तुला बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

तू लिहितोस, 'पहिला भाग अस्सल हॉरर होता, तिसरा नुसता शूटर झाला.' अडचण इथूनच सुरू होते, कारण पहिला भागही शूटरच, म्हणजे गोळीबाराचाच गेम होता. जरा मागे जाऊ. 'रेझिडेंट इव्हिल' या हॉरर गेमच्या मालिकेत, १९९६ पासूनच्या मुख्य भागांत कॅमेरा एका जागी खिळलेला असायचा. वळणापलीकडे काय आहे ते दिसत नसे, फक्त पाय घासल्याचा आवाज यायचा. सेव्ह करायलासुद्धा गेममधल्या टाइपरायटरच्या शाईच्या रिबिनी जपून वापराव्या लागत. २००५ च्या चौथ्या भागाने हे सगळं मोडलं. कॅमेरा नायक लिऑनच्या खांद्यामागे आला, नेहमीचे झॉम्बी गेले, गोळीबार वाढला. फॅन्समध्ये तेव्हा हाच वाद पेटला होता आणि जुन्या मंडळींपैकी कित्येकांना वाटलं की सर्व्हायव्हल हॉरर, म्हणजे तुटपुंज्या साधनांवर जीव वाचवायचा भीतीचा खेळ, संपला. पुढे २००८ मध्ये 'डेड स्पेस' आला, तो त्याच खांद्यामागच्या कॅमेऱ्यातून, आणि त्याच्या निर्मात्यांनी हे ऋण कधी लपवलं नाही. ज्याला तू अस्सल म्हणतोस त्या गेमचा जन्मच अशा एका 'विश्वासघाता'तून झालाय. तुझ्या लेखात हे यायलाच हवं. नाहीतर पहिलाच जाणकार वाचक तुला इथे अडवेल.

आता 'रेझिडेंट इव्हिल'च्या त्या चौथ्या भागातलं सुरुवातीचं गाव पुन्हा खेळून बघ. रिमेक, म्हणजे नव्याने बनवलेली आवृत्ती नको, मूळचा गेम घे. तू घरात शिरतोस, कपाट ढकलून दाराला लावतोस. मागावर आलेले गावकरी खिडकीला शिडी लावतात. तेवढ्यात कुठूनतरी चेनसॉ सुरू झाल्याचा आवाज येतो. तुझ्या हातात बंदूक आहे, गोळ्याही आहेत, पण नेम धरला की लिऑनचे पाय जागीच थांबतात. मारायचं तर थांबायचं आणि पळायचं तर नेम सोडायचा, अशी ती कोंडी आहे. हातातल्या बंदुकीने भीती घालवली नाही, उलट ती बंदुकीच्या वापरातच आणून ठेवली. २०२३ च्या रिमेकमध्ये नेम धरून चालता येतं, म्हणून तिथे माणसं आणखी अंगावर घालावी लागली. ते गावही छान आहे, पण त्यातला ताण वेगळ्या जातीचा आहे.

तेव्हा 'अ‍ॅक्शन आली म्हणून भीती गेली' हे वाक्य खोडून टाक. त्याऐवजी मी स्वतः गेम बघताना जो प्रश्न विचारतो तो तुला देतो : या गेममध्ये समोर शत्रू येणं हा खर्च आहे की कमाई?

उदाहरणाला 'डायनो क्रायसिस' हा डायनासोरांचा गेम घे. १९९९ च्या पहिल्या भागात डायनासोर दिसला की मनात हिशोब सुरू व्हायचा. बेशुद्ध करणारे किती डार्ट उरलेत, वाट बदलता येईल का, दार बंद करून निभेल का. २००० साली आलेल्या दुसऱ्या भागात प्रत्येक डायनासोर मारल्याचे गुण मिळतात, सलग मारले की आणखी मिळतात आणि त्या गुणांवर नवी हत्यारं विकत घेता येतात. तेच प्राणी, पण पहिल्यात ते दिसले की पोटात गोळा यायचा, दुसऱ्यात हात शिवशिवतात. दुसरा भाग वाईट नाही, माझ्या मते तर फार सुरेख जमलेला आहे. फक्त तो हॉरर उरला नाही, आणि का उरला नाही ते या एका बदलातून दाखवता येतं.

हाच प्रश्न 'डेड स्पेस'ला लावून बघ. पहिल्या भागात नायक आयझॅक इंजिनिअर आहे, सैनिक नाही. त्याचा प्लाझ्मा कटर हे मुळात खाणकामाचं अवजार. नेक्रोमॉर्फच्या, म्हणजे प्रेतातून झालेल्या राक्षसाच्या, डोक्यात गोळी घालून भागत नाही, हातपाय तोडावे लागतात, म्हणजे अंगावर धावून येणाऱ्याकडे नीट बघत, कटरचं पातं आडवं की उभं ते ठरवत नेम धरायचा. इन्व्हेंटरी, म्हणजे जवळच्या सामानाची यादी, उघडली तरी गेम थांबत नाही. तब्येत किती उरली ते पाठीच्या कण्यावरच्या दिव्यांत दिसतं, त्यामुळे स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे डोळे वळवून सुटका करून घेण्याचीही सोय नाही. हत्यारागणिक अ‍ॅमो (गोळ्यांचा साठा) वेगळा, आणि सामान ठेवायला जागा मोजकी.

दुसरा भाग २०११ चा. त्यात अ‍ॅक्शन वाढली होती, हे तूही मान्य करतोस. तरी तुझी तक्रार नाही. का, याचा विचार केलायस का? त्यातलं इशिमुरा या अंतराळजहाजावर परत जाणं आठव. पहिल्या भागात जिथे जीव मुठीत धरून फिरलास तेच कॉरिडॉर, आता प्लास्टिकने झाकलेले. आणि बराच वेळ कोणीही अंगावर येत नाही. व्हेंट, म्हणजे हवेचा झरोका, दिसला की तू बंदूक रोखतोस आणि काहीच घडत नाही. तिथे तुला राक्षसाने घाबरवलं नाही, तुझ्याच आठवणीने घाबरवलं. सिक्वेललाच जमू शकेल अशी ती गोष्ट आहे. मला तर त्या मालिकेतला तो सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो, आणि त्यावर तुझ्या टिपणात एक ओळही नाही.

२०१३ च्या तिसऱ्या भागात हिशोब फिरतो. सगळ्या हत्यारांना एकच अ‍ॅमो. वर्कबेंचवर, म्हणजे गेममधल्या कामाच्या टेबलावर, हवं तसं हत्यार जोडा, एकाच बंदुकीत दोन बसवा. मेलेल्या शत्रूकडून सामान गोळा करा आणि त्यातून आणखी हत्यारं बनवा. ते सामान खरे पैसे देऊनही घेता यायचं. तुझी कैफियत इथे आहे. आडोशाला वाकणारा आयझॅक आणि बंदूकधारी माणसं फक्त डोळ्यांना खुपतात. भीती त्याआधीच, वर्कबेंचपाशी संपलेली असते.

हे असं का झालं, त्यावर एक परिच्छेद पुरे. गेम बनवायचा खर्च वाढत चालला होता आणि अशा मालिकेत पैसे घालत राहायचे तर सुमारे ५० लाख खेळाडू हवेत, असं प्रकाशकाच्या बाजूने २०१२ मध्ये उघड बोललं गेलं होतं. जास्त खेळाडू हवेत म्हणजे कमी घाबरणारे खेळाडूही हवेत. पुढे 'डेड स्पेस'चा चौथा भाग आलाच नाही, २०१७ मध्ये तो बनवणारा स्टुडिओ बंद झाला आणि २०२३ मध्ये रिमेक झाला तो पहिल्या भागाचा. पण यावरून 'बघा, आम्ही म्हणत होतो' असा सूर लावू नकोस. 'रेझिडेंट इव्हिल'चे पाचवा आणि सहावा हे भाग अ‍ॅक्शनकडे गेले आणि भरपूर खपलेही. तरी २०१७ च्या सातव्या भागाने एका कुटुंबाच्या घरातल्या भीतीकडे परतायचं ठरवलं, तेही फर्स्ट पर्सन कॅमेऱ्यातून, म्हणजे पात्राच्याच नजरेतून. खपाचे आकडे दोन्ही बाजूंना वापरता येतात, म्हणून त्यांच्यावर वाद जिंकता येत नाही.

तू हॉररचा उपाय म्हणून 'हत्यारंच काढून घ्या' असं सुचवलंयस. २०१० च्या 'अ‍ॅम्नीशिया'ने ते केलं आणि भीती जबरदस्त साधली. पण लपण्याच्याही खेळाची सवय होते. एकाच जागी चार-पाचदा मेलास की राक्षसाची भीती जाते आणि चेकपॉइंटपासून पुन्हा सुरू करण्याचा वैताग उरतो. आणि तिसऱ्या भागापर्यंत कुठलीही युक्ती खेळाडूच्या हाताला पाठ झालेली असते. पडलेलं प्रेत उठणार, व्हेंटमधून कोणीतरी येणार, हे तुला कळत होतं. 'पहिल्यासारखाच द्या' अशी मागणी केलीस, तर तीच भीती तिसऱ्यांदा कशी वाटेल याचं उत्तर तुला द्यावं लागेल.

आता तुझ्या मित्राबद्दल. 'तो खरा फॅनच नाही' हे वाक्य लेखात असेल, तर मी पुढे वाचणार नाही. तो तिसरा भाग को-ऑपमध्ये, म्हणजे दुसऱ्या खेळाडूसोबत खेळलाय, तू एकट्याने. तुम्ही जवळजवळ दोन वेगळे गेम खेळलात. काही ऐच्छिक मोहिमा फक्त दोघांनी मिळूनच खेळता येतात. त्यांत एक जण आयझॅक होतो, दुसरा त्याचा साथीदार कार्व्हर, आणि कार्व्हरला जे भास होतात ते आयझॅकच्या खेळाडूला दिसतच नाहीत. एकाच्या स्क्रीनवर खेळण्यातले सैनिक उभे असतात आणि दुसऱ्याच्या स्क्रीनवर रिकामी खोली. 'हे काय आहे?' 'कुठे काय आहे?' असा संवाद माईकवर खरोखर होतो. सोबतीला माणूस असला की भीती कमी होते, या समजालाच इथे छेद दिलाय. ज्या भागाला तू पूर्ण मोडीत काढलंस, त्यात ही चीज दडलेली आहे आणि तुझ्या मित्राने ती बघितली आहे. असं असताना उरलेला गेम वर्कबेंचच्या हवाली का केला असेल, हा तुझ्या लेखाचा खरा प्रश्न आहे, आणि तो रागापेक्षा जास्त बोचरा आहे.

म्हणून आधी मित्राला फोन कर. त्या मोहिमा दोघं मिळून खेळा, तू कार्व्हर हो. मग तिन्ही भागांतली एकेक चकमक निवडून पुन्हा खेळ आणि प्रत्येक वेळी टिपून ठेव : आत शिरताना गोळ्या किती होत्या, बाहेर पडताना किती, पळायची वाट माहीत होती का, आणि शत्रू दिसल्यावर तुझा हात आधी कशाकडे गेला. त्या टिपणांवरून लेख लिही आणि पहिला खर्डा मला पाठव. शीर्षक तेव्हाही 'विश्वासघात'च वाटलं, तर खुशाल ठेव.

तुझा,
एक जुना खेळाडू