हा उपास कुणासाठी?

“मॅडम, खाण्यासाठीसुद्धा काउन्सेलरकडे येतात का हो?”

हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. बहुतेकदा फोनवर, हळू आवाजात आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने: ‘माझ्या मैत्रिणीचं असं होतं’, ‘आमच्या भावाला सवय आहे’. खायला लागलं की हात थांबत नाही, पोट फुटायची वेळ येते, आणि मग सकाळपर्यंत स्वतःचीच किळस. यासाठी मदत मागावी एवढं हे मोठं आहे का, की आपणच मुळात हावरट? विचारणाऱ्याने दुसरं उत्तर आधीच पक्कं केलेलं असतं. म्हणून वंदनाताईंची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि त्यांनी वाचून होकार दिल्यावरच हे लिहिते आहे.

वंदनाताई साताऱ्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. वय अडतीस. पहिल्यांदा आल्या त्या मुलाच्या अभ्यासाचं निमित्त काढून. मुलगा सातवीत, गणितात मागे. पाऊण तास मुलाबद्दल बोलल्या, मीही मन लावून ऐकलं. दुसऱ्या खेपेलाही विषय मुलगाच, पण मुलाला काही आणलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला वेळ संपली, त्या उठल्या, पर्स खांद्याला लावली, दाराच्या कडीला हात घातला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “हळदीकुंकवासाठी आणलेले पेढे मी परवा रात्री संपवले. सगळे.”

आमच्या कामात महत्त्वाची गोष्ट बऱ्याचदा चपला घालताना निघते. मी म्हटलं, “बसा. पुढची वेळ कुणाची नाही.” (होती. त्या गृहस्थांना मी खाली चहाला पाठवलं.)

मग हळूहळू सगळं आलं. कंदी पेढ्यांचा अर्ध्या किलोचा बॉक्स. रात्री सव्वाअकराला घर झोपल्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या. दिवा लावला नाही, मोबाइलची बॅटरी लावली. ओट्याशी उभ्यानेच पेढे संपले, मग उरलेल्या पोळ्या तूप-साखर लावून, मग चिवडा.

“चव लागत होती?” मी विचारलं.

“पहिल्या दोन पेढ्यांची. पुढचं मला नीट आठवतही नाही.”

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना त्याच दुकानातून तसाच बॉक्स आणून जागेवर ठेवला. चिवड्याच्या डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राची जाड घडी घातली, म्हणजे सासूबाईंना डबा भरलेला दिसावा. त्या डब्याचं झाकण घट्ट, उघडताना ठॅक आवाज होतो. म्हणून नेमकं त्याच क्षणी खोकायचं. “इतकी वर्षं खोकतेय,” त्या म्हणाल्या, “की आमच्या ह्यांनी मला छातीच्या डॉक्टरांना दाखवून आणलं.” हे सांगताना त्यांना हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं.

इथे थोडं थांबून सांगते. लग्नाच्या पंगतीत बासुंदीच्या चार वाट्या जास्त झाल्या, दिवाळीत चकल्या मोजल्या नाहीत, याला आजार म्हणत नाहीत. पण थोड्याच वेळात, साधारण दोनेक तासांच्या आत, कुणीही बघून ‘बाप रे’ म्हणेल इतकं खाल्लं जाणं आणि त्या वेळी ‘आता थांबणं माझ्या हातात नाही’ असं वाटणं, हे आठवड्यातून किमान एकदा असं तीन महिने चाललं, तर ते वेगळं प्रकरण असतं. त्याच्या जोडीला भूक नसताना खाणं, बकाबका खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, लाजेने एकट्याने खाणं आणि नंतरची किळस, यांतलं बरंचसं असतं. याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९५९ मध्ये हे नोंदवलं होतं, पण मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा मिळायला २०१३ साल उजाडलं. तेव्हा आपल्याकडे ‘खादाड’ या एका शब्दात सगळं उरकलं जातं, यात फार नवल नाही. आणि हे फक्त बायकांचं नाही. पुरुषांतही ते चांगलंच आढळतं. ते फक्त आणखी उशिरा येतात. वजनाचंही तसंच. हा त्रास असलेला माणूस जाड असेलच असं नाही.

वंदनाताईंनी पूर्वी एकदा धीर करून एका डॉक्टरांना सांगितलं होतं. त्यांनी वजनकाटा दाखवला आणि म्हणाले, “शिक्षिका ना तुम्ही? मग जरा तोंड आवरायला शिका.” पुढची सहा वर्षं त्या कुणाशी बोलल्या नाहीत.

मी त्यांना दिवसाचा हिशोब विचारला. सकाळी चहा, साखरेविना. साडेनऊची एसटी. शाळेत मुलांच्या पोषण आहाराची खिचडी वाढण्याआधी शिक्षकांनी चाखून बघायची असते. त्या एक चमचा चाखायच्या, चव नोंदवहीत सही करायच्या आणि तेच त्यांचं दुपारचं जेवण. डबा तसाच परत. संध्याकाळी एक भाकरी, भाजी. हे झाले साधे दिवस. याशिवाय सोमवार, दोन्ही एकादश्या आणि संकष्टी. संकष्टीला तर चंद्रोदय होईपर्यंत पाणीसुद्धा मोजून.

“सोमवार कधीपासून धरलेत?”

“दोन वर्षं झाली.”

“आणि हा उपास कुणासाठी?”

मी देवाचं नाव ऐकायला तयार होते. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “कालच्यासाठी.”

म्हणजे रविवारी रात्री जे झालं त्याची सोमवारी फेड. ती फेडही पुरी व्हायची नाही, कारण सोमवारी रात्री सव्वाअकराला पुन्हा डबा आणि पुन्हा खोकला.

त्यांना मी मिनेसोटाचा प्रयोग सांगितला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत अँसल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस धडधाकट तरुणांना स्वखुशीने प्रयोगात घेतलं आणि चोवीस आठवडे साधारण निम्म्या आहारावर ठेवलं. उपासमार माणसाचं काय करते हे पाहायचं होतं. ही मुलं काही हावरट नव्हती. पण काही आठवड्यांत त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय काही उरलं नाही. काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. प्रयोग संपून पोटभर मिळायला लागल्यावरही त्यांच्यातले काही खात सुटले. पोट भरलं तरी भूक जाईना. वंदनाताई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “ते सगळे पुरुष होते?” हो, सगळे. का कोण जाणे, पण त्यांना याचा मोठा दिलासा वाटला.

अर्थात उपाशी राहणं हे एकच कारण नसतं. स्वभाव, घरची ठेवण, लहानपणी वजनावरून खाल्लेले टोमणे, उदासी, यांचाही वाटा असतो. पण सुटायला सुरुवात कुठून करायची, तर खाण्यापासून. हे ऐकून पेशंट दचकतातच. तीन जेवणं आणि मधे दोन वेळा काहीतरी, ठरल्या वेळी, भूक असो-नसो. दोन खाण्यांमध्ये तीन-चार तासांहून जास्त अंतर नाही. आणि काल रात्री कितीही खाल्लं असलं तरी आज सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. ही शेवटची अट सगळ्यात अवघड जाते. वंदनाताईंना मी आधी एकच काम दिलं: दुपारचा डबा इतर शिक्षिकांसोबत बसून संपवायचा.

दुसरं काम नोंदवहीचं. काय खाल्लं, किती वाजता, कुठे, मनात काय होतं, आणि ताबा सुटला असं वाटलं तर शेजारी फुली. कॅलरी लिहायच्या नाहीत. (वजनाचे आकडे मीही इथे मुद्दाम देत नाही, वाचणारा लगेच स्वतःशी ताडून बघतो.) त्या वही घेऊन आल्या ती शिक्षिकेचीच वही. पट्टीने आखलेले रकाने आणि फुल्या सगळ्या लाल पेनने. मी म्हटलं, “लाल पेन शाळेत ठेवा.” पुढच्या आठवड्यापासून सगळं निळ्या शाईत.

आता माझी चूक. मला वाटलं, घरात एकाला तरी हे माहीत असावं, आणि चौथ्याच आठवड्यात मी त्यांना नवऱ्याशी बोलायला सुचवलं. त्या तयार नव्हत्या. मी सुचवलं म्हणून बोलल्या. तो माणूस भला. त्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप आणून लावलं. किल्ली स्वतःच्या खिशात. त्या शनिवारी वंदनाताई एसटी स्टँडवर उतरल्या, तीन बिस्किटपुडे घेतले आणि बाकावर बसून तिथेच संपवले. मग दोन आठवडे माझ्याकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मीच फोन केला आणि घाई माझी झाली हे कबूल केलं.

मग दोघांना एकत्र बोलावलं. नवरा खुर्चीच्या कडेवर बसला होता. “मी मदतच करत होतो मॅडम,” तो म्हणाला. करतच होता. आपल्याकडे मदत आणि पहारा यांच्यात फार वेळा गल्लत होते. त्याला मी चार गोष्टी सोडायला सांगितल्या: कुलूप, ताटातलं मोजणं, ‘आज काय खाल्लंस’ हा प्रश्न आणि वजनाबद्दलची कौतुकंसुद्धा. “मग करू तरी काय?” त्याने विचारलं, आणि तो खराच अडला होता. उत्तर मी द्यायच्या आधीच वंदनाताई म्हणाल्या, “रात्री भांडी आवरताना नुसते बाहेर येऊन बसा. टीव्ही बघितलात तरी चालेल.”

त्या वाक्यातून मला पुढचं सापडलं. सव्वाअकरा ही त्यांच्या दिवसातली एकच वेळ अशी होती जेव्हा कुणी काही मागत नसे. मुख्याध्यापकांचे ऑनलाइन फॉर्म नाहीत, सासूबाईंच्या गोळ्या नाहीत, मुलाचं गणित नाही. त्या वेळात त्यांचं असं काय होतं? डबा. तो काढून घ्यायचा तर त्या जागी काहीतरी द्यायला हवं. आम्ही बरंच शोधलं. प्राणायाम त्यांना जमला नाही, डायरीत मन रमेना. शेवटी निघालं ते असं की त्यांना पूर्वी भरतकामाचा नाद होता. सुईत दोरा ओवायला दोन्ही हात लागतात आणि दिवा लावावा लागतो. खाण्याची ऊर्मी आली की वीस मिनिटं टाके घालायचे, आणि तरीही खावंसं वाटलं तर खायचं, पण ताटलीत घेऊन, बसून, उजेडात. चोरून नाही. ऊर्मी लाटेसारखी असते, चढते तशी उतरते. पण हे सांगून कुणाला पटत नाही, दोन-चारदा ती उतरताना अनुभवावी लागते.

सगळ्यांचं इतक्यावर भागत नाही. मी आधी त्यांना रक्तातली साखर, थायरॉइड, रक्तदाब तपासून घ्यायला लावलंच होतं. कुणी खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढत असेल, जुलाबाच्या गोळ्या घेत असेल, तर तो वेगळा आजार आहे आणि त्यात शरीरातले क्षार घटून हृदयाला धोका होऊ शकतो, तेव्हा डॉक्टर लवकर गाठावा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना असे उपास आणि असं खाणं तर फारच घातक. उदासी दाटली असेल तर मानसोपचारतज्ज्ञांची औषधंही लागतात. जगणंच नको वाटत असेल तर त्याच दिवशी बोलावं. खासगी फी परवडत नसेल तर जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभागात विचारावं. आणि समोर बसून बोलायचा धीर होत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट, रात्री-अपरात्रीही चालू, आणि मराठीत बोलता येतं. गावात बभ्रा होईल ही भीती मी रोज ऐकते, सातारा काही मोठं नाही. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त राहण्याचा हक्क तुम्हाला दिलेला आहे.

वंदनाताई आठ महिन्यांत वीसेक वेळा आल्या. आधी आठवड्याला चार-पाच फुल्या असत, उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत महिन्याला एक-दोनवर आल्या. जूनमध्ये शाळा सुरू झाली, बदल्यांचं वारं उठलं आणि एका आठवड्यात तीन फुल्या पडल्या. त्या वही पुढे करून म्हणाल्या, “सगळं पाण्यात गेलं.” मी फुल्यांच्या पुढच्या सकाळी बघितल्या. तिन्ही दिवशी नाश्त्याचा रकाना भरलेला होता: पोहे, उपमा, पोळी-भाजी. वर्षापूर्वी त्या दिवशी उपास पडला असता. वजन मात्र फारसं उतरलं नाही. बहुतेकांचं या उपचारात फारसं उतरत नाही आणि ते मी पहिल्या महिन्यातच सांगून ठेवते, नाहीतर लोक मधेच सोडून डाएटकडे पळतात. त्यांना याचं वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

सोमवार सुटले. संकष्टी राहिली, ती मात्र गणपतीसाठी. दुपारी भगर-आमटी खाऊन. नवरात्र जवळ आलं तशा त्या बेचैन झाल्या. लग्न झाल्यापासून नऊच्या नऊ दिवस, आता मोडायचं कसं? सासूबाईंना काय वाटेल? हा प्रश्न आम्ही दोन बैठका घोळवला. शेवटी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी भाजी निवडताना त्यांनी सासूबाईंना सांगितलं, “आई, या वर्षी मी उठता-बसताच करणार आहे.”

सासूबाईंनी मेथीची जुडी सोडत वर बघितलं. “मी तर साठीपासून उठता-बसताच करते,” त्या म्हणाल्या. “तुला नऊ दिवस करायला सांगितलं कुणी होतं?”