तळं पार करण्याआधी

प्रिय मित्रा,

तुम्ही सहाजणांनी डिसेंबरात तळं पोहून पार करायचं ठरवलंय, हे वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली. सहाजण सोबत आहेत म्हणून धोका कमी होत नाही. दुसरा कोणीतरी बघत असेल असं प्रत्येकाला वाटतं आणि मागे पडलेल्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. म्हणून आधी तीन जोड्या पाड. सारख्या वेगाचे दोघे एका जोडीत, मग ते जिवलग असोत वा नसोत. दर वीस-पंचवीस हात मारून झाले की जोडीदाराचा चेहरा बघायचा, नुसती टोपी दिसून भागत नाही. टोप्या नारिंगी घ्या. हिरवी-निळी टोपी तळ्याच्या पाण्यात हरवते.

अंतर काठावरून नजरेने ठरवू नकोस, मोबाईलच्या नकाशावर मोज. समजा 400 मीटर भरलं, तर प्रत्येकाला 25 मीटरच्या स्विमिंग पूलमध्ये न थांबता 32 लांब्या, म्हणजे 800 मीटर, मारता आल्या पाहिजेत. पूलमध्ये प्रत्येक वळणावर भिंतीला पाय मारून पुढे जाता येतं, तळ्यात ती भिंत नाही; म्हणून दुप्पट. ज्याला जमत नाही त्याने सोबतच्या होडीत बसावं. तिथलं काम कमी मोलाचं नाही.

आपल्याकडची बरीच तळी वहाळाला, म्हणजे ओढ्याला, बांध घालून झालेली आहेत. मालवण तालुक्यातलं धामापूरचं, 1530 सालचं, तेही बांधाचंच. अशा तळ्यात बांधाशी पाणी सर्वांत खोल, आणि वहाळ येऊन मिळतो तिथे उथळ, चिखलाचं, कमळांनी भरलेलं. दोन्ही टोकं सोडून मधून आडवे जा. बांधाच्या मोरीजवळ, म्हणजे पाणी बाहेर सोडायच्या तोंडाजवळ, तर मुळीच नको. ती उघडी असली तरी आतली ओढ वरून कळत नाही. कमळांचे देठ पायाला गुंडाळले तर पाय झाडू नकोस, जास्तच आवळतात. उताणा हो, पाय सैल सोड आणि हातांनी वल्हवत आलास त्याच वाटेने मागे ये. पोटरीत गोळा आला तरी आधी उताणंच व्हायचं, मग गुडघा सरळ करून पायाची बोटं स्वतःकडे ओढायची.

मगरींबद्दल गावातच विचार, गुराख्यांना आणि घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांना. वाशिष्ठी नदीतल्या मगरी सगळ्यांना ठाऊक आहेत, एखाद्या तळ्यातली फक्त त्या गावाला माहीत असते. पाणी पिण्याचं असेल तर तिथे उतरू नका. ग्रामपंचायतीत आधी बोलून घ्या.

सकाळी सातला पाण्यात उतरा. दिवस चढला की खारा वारा सुटतो आणि लाटा तोंडावर येतात. पूर्वेकडे पोहत गेलात तर ऊन थेट डोळ्यांत, म्हणून जमल्यास पूर्वेच्या काठावरून निघा. पाण्यातून बघताना डोळे जेमतेम वीतभर वर असतात, त्यामुळे पलीकडची खूण उंच हवी: उंच माड किंवा देवळाचा कळस.

होडीत दोघे हवेत. एक वल्ही मारेल, दुसरा फक्त डोकी मोजत राहील. त्याने 'बस' म्हटलं की बाहेर, वाद नाही. त्याच्या हाताशी 15 मीटर दोरी आणि दोरीच्या टोकाला पाच लिटरचा रिकामा कॅन. आत पेलाभर पाणी ठेव, नाहीतर फेकताना वाऱ्याने भरकटतो. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, हात पाणी खाली दाबताहेत, एवढंच दिसतं. त्याच्याजवळ पोहत जाऊ नका, तो मिठी मारेल. कॅन फेका. दमलेल्याने होडीच्या मागच्या टोकाला धरून राहायचं. बाजूने चढायला गेला तर होडी कलंडते.

श्वास थांबला असेल तर पोट दाबून पाणी काढत बसू नका. डोकं मागे करून, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास, मदत येईपर्यंत. दुसऱ्याने 108 लावायचा. दोन्ही काठांना रेंज येते का, हे आदल्या दिवशीच बघून ठेव.

पोहत परत यायचं नाही. पलीकडे पोचल्यावर अंगात जोर आहे असं वाटतं, पण हात दमलेले असतात. होडीतून किंवा बांधावरून चालत या, गरम पेज प्या.

अंतर मोजलंस की आकडा कळव, आणि जोड्या कोणाकोणाच्या ठरल्या तेही.

तुझा,
काका